पंचायतीच्या कंप्युटरचं नाव

अंबूबाईला त्या दिवशी सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि ती गोठ्यात गेली. गोठ्यात कशाला आलो तेच विसरली. परत आली तोवर चहा उतू जाऊन चूल विझलेली. पुन्हा पेटवली आणि पुन्हा अंगणात जाऊन रस्त्याकडं बघत उभी राहिली.

आनंदराव ओसरीवर आरसा धरून मिशा विंचरत होते. "काय गं, पाय भाजल्यागत काय नाचतीयास?" ते म्हणाले. "सायेब माझ्याकडं यायचाय, तुझ्याकडं न्हाई. तू आपलं चहा-पोह्याचं बघ."

आता घ्या! गावची सरपंच कोण, तर अंबूबाई. निवडून कोण आलं, अंबूबाई. पंचायतीच्या कागदावर सही कुणाची, अंबूबाईची. आणि साहेब यायचा म्हणे आनंदरावांकडं! पण त्यात खोटं तरी काय होतं? कुंभळवाडीची जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हा आनंदरावांनीच बायकोला उभी केली, दारोदार तेच फिरले आणि निकालाच्या दिवशी गुलालही त्यांनीच अंगावर घेतला. गावानं अंबूबाईला मतं दिली आणि सरपंच म्हणायला लागलं आनंदरावांना. बैठकीत तिनं तोंड उघडलं की हे म्हणणार, "तू थांब जरा, पुरुषांचं बोलनं चाललंय."

माणूस वाईट होता का? तर नाही हो. दारूला शिवला नाही, बायकोवर कधी हात उगारला नाही. एका पावसाळ्यात ती तापानं फणफणली आणि ओढ्याला पाणी आल्यामुळं गाडी येईना, तेव्हा तिला पाठीवर घेऊन वेल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत चालत गेलेला माणूस. अशा माणसावर धड रागावताही येत नाही, हीच तर पंचाईत होती. राग यायचा, तोंडापर्यंत यायचा आणि गिळावा लागायचा.

त्या दिवशी मात्र गिळून चालणार नव्हतं. तालुक्याचे नवे साहेब येणार होते, पाण्याच्या टाकीची जागा ठरवायला. आनंदरावांनी ठरवून टाकलं होतं, टाकी खाली शाळेमागं बांधायची. खाली बांधली की पाणी खालच्या आळीला मिळणार आणि वरची वस्ती पुन्हा कोरडीच. वरच्या वस्तीनं मागं दुसऱ्या पार्टीला मतं दिली होती, त्याचा हा काटा. वरचा झरा होळी झाली की आटायचा, आणि मग तिथल्या बाया हंडे घेऊन खाली यायच्या, खालच्या बायांची बोलणी खायच्या. वस्तीवरच्या ठकुबाईला अंबूबाईनं विहिरीवर, हातात हात घेऊन शब्द दिला होता, "टाकी वरच्या माळावर हुईल. दोन्हीकडं पानी जाईल. म्या सरपंच हाय न्हवं?" शब्द देताना किती बरं वाटलं होतं! आणि आता साहेब येणार, आनंदरावांना विचारणार, आनंदराव शाळेमागं बोट दाखवणार, आणि ठकुबाईला तोंड दाखवायचं अंबूबाईनं.

"म्या नसरापूरला जातो," आनंदराव टोपी चढवत म्हणाले. "हार-नारळ घेतो आनि सायबाच्या जीपमधूनच येतो. हापीस झाडून ठेवा म्हनावं. आनि त्या पोरीला सांग, कंप्युटर चालू करून दाखवायचाय सायबास्नी."

ते गेले आणि अंबूबाईनं पोह्याची पाटी तशीच ठेवून पदर खोचला. तिच्या डोक्यात गेले पंधरा दिवस एक गोष्ट घुमत होती. साहेबाला कंप्युटर दाखवायचा म्हटल्यावर तर ती डोक्यातून जाईचना.

त्याचं असं झालं होतं. महिन्याभरापूर्वी पंचायतीत कंप्युटर आला. नसरापूरच्या बिलालनं जीपमधून आणून बसवला. आनंदरावांनी नारळ फोडला, अंबूबाईनं पडद्याला हळदकुंकू लावलं, ओवाळलं. तेव्हा बिलाल म्हणाला, "ह्याला नाव द्यायला लागतं. काय टाकू?" आता मशीनला नाव कशाला? तर बिलालनं आसपासच्या पाचपन्नास गावांत मशीनं बसवली होती, आणि कुठलं कुठल्या गावचं ते त्याला ओळखू यावं म्हणून त्यानं अशी सोय केलेली की चालू केलं रे केलं की मशीनचं नाव पडद्याच्या मधोमध मोठ्या इंग्रजी अक्षरांत उमटायचं. बाकीच्या गावांनी गावाचं नाव दिलं होतं. आनंदरावांनी छाती पुढं काढली. "माझं टाक," ते म्हणाले.

बिलालनं टाकलं. पडद्यावर आनंदराव उमटले. टाळ्या झाल्या. आणि पंचायतीची सदस्य रतनबाई, तिला कुठं काय बोलावं याचं भान कधी नसतंच, ती ओरडली, "वाचून दाखवा की सरपंचबाई, काय लिवलंय!" सगळ्या बाया खिदळल्या. अंबूबाईनं तोंडाला पदर लावला.

का ते कळलं ना? नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. लग्नात, बारशाला कुणी अगदीच धरून बसवलं तर उखाण्यात घ्यायचं, यमक जुळवून, मान खाली घालून. एरवी ‘हे’, ‘मालक’, नाहीतर ‘कुमारचे वडील’. अंबूबाई तर इतकी पक्की, की लग्न झाल्यापासून तिनं ‘आनंद झाला’ असंसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. मुलगा कुमार झाला तेव्हाही ‘बरं वाटलं’ एवढंच म्हणाली होती.

त्या दिवसापासून तो पडदा तिला टोचायला लागला. आधी ‘आनंदराव सरपंच’ हे गावभर तोंडी होतं, ते निदान वाऱ्यावर तरी जायचं. आता हे बटण दाबलं की डोळ्यांपुढं, आणि तेही पंचायतीच्या कचेरीत, जिथं सही तिची चालायची! आणि तिला ते वाचून दाखवायचीही सोय नव्हती. एकदा तिनं यास्मिनला आडून विचारलंही. यास्मिन ही बिलालची धाकटी बहीण. मंगळवारी आणि शुक्रवारी नसरापूरहून एसटीनं यायची, पंचायतीची कामं त्या मशीनवर करून द्यायची.

"का गं, ह्या मशीनला एकदा नाव ठेवलं की झालं? का बदलतं?"

"बदलतं की, मावशी. मानसाचं बदलायला लई कटकटी. ह्याचं आत्ता म्हनाल तर आत्ता."

तेव्हापासून अंबूबाईला झोप म्हणून नव्हती.

कचेरीत ती पोचली तेव्हा यास्मिन येऊन बसलेली होती. दुसरं कुणी नव्हतं. अंबूबाईनं दार लोटून घेतलं.

"यास्मिन, नाव बदलायचंय."

"कशाचं?"

"ह्याचं गं. ह्या मशीनचं."

यास्मिननं एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. पोर चेष्टेखोर. "आत्ता काय हाय नाव?"

"तुला दिसतंय की."

"मला दिसतंय. पर कुनाचं काढायचं ते तुमी सांगाया पायजे ना. उद्या माझ्यावर यायचं."

"आमच्या कुमारच्या बापाचं काढ! झालं समाधान?"

यास्मिन हसायला लागली. "आमची अम्मीबी अशीच. रेशनच्या दुकानात अब्बांचं नाव सांगायचं तर मला पुढं ढकलती." मग तिचं हसू ओसरलं. "पर मावशी, काकांना इचारलंय का?"

"सरपंच कोन हाय?"

"तुमी."

"मग?"

यास्मिननं पडद्याच्या कोपऱ्यातल्या कंप्युटरच्या चित्रावर माउसचं उजवं बटण दाबलं, एक चौकट उघडली, तिच्यातून दुसरी, दुसरीतून तिसरी. एवढा मोठा खटाटोप आणि आत सापडली काय, तर एक बोटभर पट्टी. त्या पट्टीत आनंदरावांचं नाव निळं होऊन बसलेलं. यास्मिननं एक बटण दाबलं आणि ते नाहीसं झालं. खरं सांगायचं तर अंबूबाईचा हात कपाळावरच्या कुंकवाकडं गेला.

"नवीन काय टाकू?"

अंबूबाईनं घसा साफ केला. "सौभाग्यवती अंबूबाई..." आणि अडली. कारण पुढं नवऱ्याचं नाव येणार.

"अख्खं न्हाई बसायचं, मावशी. हे पंधराच अक्षरं घेतंय. आनि मधी जागा सोडलेली बी चालत न्हाई."

"मग?"

"नुसतं अंबूबाई बसतंय."

"मागंपुढं काय न्हाई?"

"काय न्हाई."

नुसतं अंबूबाई! माहेरी कुणी तिला नुसतं हाक मारत असेल तेवढंच. त्यानंतर मतदारयादीत, शिधापत्रिकेवर, पाटीवर, कुठंही ते नाव एकटं उभं राहिलेलं नव्हतं. "टाक," ती म्हणाली, आणि कुणी बघत नाही ना म्हणून खिडकीकडं बघितलं.

यास्मिननं टाइप केलं, होकार दाबला. मशीननं निरोप दिला: बंद करून पुन्हा चालू करा, मग नवं नाव लागू होईल. "हे घ्या, आता रीस्टार्ट केलं की..." असं यास्मिन म्हणेस्तोवर पंखा थांबला, पडदा काळा झाला, आणि टेबलाखालचा बॅटरीचा डबा दोन किंकाळ्या मारून गप्प पडला. त्याची बॅटरी फुगल्याला आठवडा झाला होता.

वीज गेली. आता त्या दिवसांत वीज जायची यात नवल काही नाही; ती यायची याचंच नवल. पण मेली रोज दहाला जायची ती आजच नऊला मरायची होती?

"मग आता नाव कुनाचं हाय?" अंबूबाईनं विचारलं.

"जुनं गेलंय. नवं लाईट आल्यावर दिसंल."

"परत जुनं टाकायचं म्हटलं तर?"

"त्ये बी लाईट आल्यावरच."

झालं! आता बसा. जोवर मशीन चालू होतं तोवर अंबूबाई वाघीण होती. काळा पडदा बघितला आणि तिचं निम्मं बळ गेलं. वीज आली, साहेब आलेले नसले, तर यास्मिनकडून गुपचूप परत फिरवून घेता येईल, असं तिच्या मनात आलं. दुसऱ्या क्षणाला स्वतःचाच संताप आला. फिरवायचं कशाला? चोरी केलीय का? मग तिसऱ्या क्षणाला आनंदरावांचा चेहरा डोळ्यांपुढं आला, चारचौघांत मान खाली गेलेला, आणि तिला रडू फुटायची वेळ आली.

यास्मिननं शांतपणे डबा उघडला. "खाता का, मावशी? खिमा न्हाई, बटाटा हाय."

"तुला खानं सुचतंय!" अंबूबाई म्हणाली, आणि बाहेर पडली.

घरी गेली, पोहे भिजवले. पोहे भिजलेले ठेवून पुन्हा कचेरीत आली. वीज नव्हती. देवळात जाऊन घंटा वाजवली, पण देवाकडं मागायचं काय? वीज येऊ दे म्हणायचं, की येऊ नको म्हणायचं? देवालाही गोंधळात टाकण्यापरीस न बोललेलं बरं, म्हणून तशीच उतरली. वाटेत ठकुबाई भेटली. वस्तीवरून मुद्दाम उतरून आलेली, धुतलेलं लुगडं नेसून.

"काय गं सरपंच, सायेब यायचा हाय न्हवं? बोलनार हायेस ना?"

गावात तिला चेष्टेनं नव्हे, खरोखर सरपंच म्हणणारी ही एकटीच बाई. अंबूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बोलनार हाय की," ती म्हणाली, आणि चालती झाली. पाय नुसते पळत होते; कुठं पळत होते ते त्यांनाही माहीत नव्हतं. पुन्हा घर, पुन्हा कचेरी. शेवटी यास्मिनच म्हणाली, "मावशी, बसा की जरा. तुमी असं येरझाऱ्या घालून लाईट येनार हाय का लवकर?"

दुपार कलताना जीप आली.

साहेब तरुण होते, नागपूरकडचे, नुकतेच बदलून आलेले. आनंदराव पुढं, साहेब मागं, त्यांच्यामागं पंचायतीचे सदस्य. कचेरी भरली. हार झाला, नारळ झाला. अंबूबाई रतनबाईशेजारी भिंतीला लागून उभी. ठकुबाई दाराच्या चौकटीत. आनंदराव साहेबांना खुर्ची देऊन शेजारच्या खुर्चीत बसले, आणि बसताक्षणी पंखा कुरकुरला. वरचा दिवा लागला.

"आली! सायेब, तुमच्या पायगुनानं आली!" आनंदराव म्हणाले. "ए पोरी, लाव कंप्युटर. बघू दे सायबास्नी."

यास्मिननं बटणावर बोट ठेवलं आणि दाबलं नाही. ती अंबूबाईकडं बघत राहिली. एवढ्या माणसांतून सरळ तिच्याकडं. अंबूबाईनं नुसती मान हलवली असती तरी पोरीनं ‘मशीन बिघडलंय’ म्हणून वेळ मारून नेली असती. दारात ठकुबाई टाचा उंचावून बघत होती.

"लाव," अंबूबाई म्हणाली.

मशीन घरघरलं. पडदा काळा, मग निळा, मग मधोमध ती मोठी अक्षरं. आनंदरावांनी तिकडं नुसती नजर टाकली. इंग्रजीतलं पहिलं अक्षर तेवढं त्यांच्या ओळखीचं, आणि ते दोन्ही नावांना एकच. "हे बघा सायेब," ते मिशीवर हात फिरवत म्हणाले, "नाव बी टाकलंय. आपलंच."

साहेबांनी चष्मा सावरला. "अंबूबाई," त्यांनी वाचलं. "अंबूबाई कोण?"

आनंदराव पुढं वाकले, अक्षरांवरून बोट फिरवत गेले, आणि त्यांच्या मानेवरून लाली चढत कानापर्यंत गेली. मग त्यांनी वळून अंबूबाईकडं बघितलं. आता ओरडणार, असं तिला वाटलं. ओरडू दे. सगळ्याची तयारी तिनं सकाळपासून केली होती.

पण आनंदरावांनी गावाचं राजकारण काय उगीच केलं होतं? ते खो-खो हसले.

"अवो सायेब, आमची मंडळी! त्या काय, हितंच उभ्या हायेत. आमीच टाकलंय, हौसंनं! टेम्पोच्या कपाळावर लिवत्यात का न्हाई घरच्या मानसाचं नाव? कुनी आईचं लिवतं, कुनी लेकीचं. तसंच हे. शकुन असतोय."

"वा!" साहेब मनापासून म्हणाले. "छान कल्पना आहे."

"लई हौशी हायेत आमचे सरपंच!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळी कचेरी हसली. कुणी टाळीही दिली.

ह्याची तयारी अंबूबाईनं केलेली नव्हती. राग सोसला असता, शिव्या सोसल्या असत्या. हे कौतुक कसं सोसायचं? नसरापूरच्या स्टँडवर रांगेनं टेम्पो उभे असतात. एकावर शिवानी, एकावर पूनम, एकावर आणखी कुणाची लाडकी, भोवती फुलं काढलेली. त्यांतल्या एका तरी पोरीनं कधी त्या टेम्पोचं चाक हातात धरलंय का? दिवसभर जीव मुठीत धरून तिनं जे केलं, ते ह्या माणसानं हसत हसत उचललं आणि स्वतःच्या खिशात टाकलं. आणि वर तिनं कौतुकानं लाजायचं! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

साहेब कामाकडं वळले. म्हणजे आनंदरावांकडं वळले. "तर सरपंचसाहेब, टाकीची जागा?"

"शाळेमागं," आनंदराव म्हणाले. साहेबांनी पेन उघडलं. दारातल्या ठकुबाईनं टाचा खाली टेकवल्या आणि मान वळवली.

"थांबा," अंबूबाई म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की तिची तीच दचकली. "शाळेमागं न्हाई. वर माळावर. म्हंजी दोन्हीकडं पानी जाईल. आनि सायेब, ते नाव ह्यांनी न्हाई टाकलं. म्या टाकाया लावलंय."

"तू थांब जरा..." आनंदरावांनी सुरू केलं.

साहेब खरोखरच गोंधळले होते. खोली पुरुषांनी भरलेली, आणि बाई नुसती हनुवटीनं दाखवतेय. "ह्यांनी म्हणजे कोणी? नाव सांगा ना, बाई."

"घ्या नाव! घ्या!" रतनबाईला आयतंच मिळालं. "सायेब इचारत्यात! उखाणा घ्या, सरपंचबाई, झकास!"

"उखाणा! उखाणा!" कचेरीचं लग्नघर झालं. यास्मिननंसुद्धा ओढणी तोंडाला लावली. आणि आनंदराव... त्यांचा राग कुठल्या कुठं गेला होता. ते खुर्चीत जरा सावरून बसले होते, मिशीवर हात, नजर जमिनीकडं, लाजल्यासारखे. मांडवात बसले होते तेव्हा असेच दिसले होते. तो चेहरा मोडायचं अंबूबाईच्या जिवावर आलं. उखाणा तिला येत होता. चांदीच्या ताटाचा, लग्नातलाच. घेतला की टाळ्या होतील, पोहे येतील, सगळे हसत उठतील, आणि टाकी शाळेमागं होईल.

"आनंदराव," ती म्हणाली.

नुसतं. यमक नाही, लाजणं नाही, मान खाली नाही. हजेरी घेताना गुरुजी घेतात तसं.

"हे आनंदराव. माझे मालक. आनंदराव सरपंच न्हाईत, सायेब. सरपंच म्या हाय, म्हनून मशीनवर माझं नाव हाय. आनि टाकी माळावर हुईल."

रतनबाईचा ‘उखाणा’ अर्ध्यात तोंडात राहिला. आनंदरावांच्या चेहऱ्यावरचं हसू काढायचं राहून गेल्यासारखं तसंच होतं, पण डोळ्यांत काही उरलं नव्हतं. ते उठले. कुणाकडं न बघता, टोपी टेबलावरच विसरून, ठकुबाईच्या अंगावरून बाहेर निघून गेले. अंबूबाईला वाटलं, पळत जावं आणि ती टोपी तरी द्यावी.

साहेबांनी हातातले कागद चाळले. "हो, इथं आहेच की तुमचं नाव," ते जरा ओशाळून म्हणाले, आणि त्यांनी खुर्ची वळवून तिच्याकडं तोंड केलं. "चला, दाखवा माळ."

माळापर्यंतचा चढ ती कशी चढली ते तिचं तिला माहीत. पुढं ठकुबाई, मागं साहेब, मध्ये ही. जागा दाखवली, झऱ्याची कोरडी डबकी दाखवली, खालच्या आळीला उतार कसा मिळतो ते दाखवलं. साहेबांनी विचारलं त्याची उत्तरं दिली. वस्तीवरच्या बायांनी तिला हळदकुंकू लावलं. ती हसली सुद्धा. पण जीव सगळा खाली, घराकडं.

दिवेलागणीला घरी आली तर आनंदराव भिंतीकडं तोंड करून ओसरीवर बसलेले. तिनं टोपी खुंटीला लावली. पाणी ठेवलं, त्यांनी घेतलं नाही. ताट वाढलं, त्याकडं बघितलं नाही. ती आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. भांडीच घासायला घेतली, घासलेलीच.

"गावाम्होरं नाव घेतलंस माझं," आनंदराव भिंतीला म्हणाले.

"व्हय."

"त्यापरीस दोन शिव्या घालायच्या व्हत्यास. चाललं असतं."

"मला तरी कुठं गोड वाटलं?" अंबूबाईचा आवाज फुटला. "उखाणा घेतला असता तर तुमी खूश, गाव खूश. आनि म्या? म्या टेम्पोचं नाव!"

आनंदरावांनी पहिल्यांदा मान वळवली. "ते लागलं व्हय तुला?"

"लई लागलं."

"म्या आपलं झाकाया गेलो," ते म्हणाले. "पैलं माझंच. मग तुझं बी. म्हटलं, चारचौघांत हसू व्हायला नको दोघांचं." त्यांचा आवाज थकलेला होता. अंबूबाईला त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं, पण पाय उचलेना. आता हे कुठवर असंच चालणार, का उद्या हे बोलायचेच बंद होणार, का गावच आपल्याशी बोलायचं बंद होणार, काही कळेना. तिनं ताट उचललं, पुन्हा खाली ठेवलं.

तेवढ्यात बाहेर अंगणाच्या कडेला कंदिलाचा उजेड हलला. कुणीतरी बाप्या माणूस होता. आवाज ओळखू येईना.

"सरपंच हायेत का घरात?"

दोघंही वळली. एकदमच. आनंदराव उठून दोन पावलं अंगणाकडं गेलेसुद्धा. मग थांबले. अंबूबाईही जागच्या जागी थांबली, पदराला हात पुसत. बाहेरच्यानं पुन्हा हाक दिली. आनंदराव वळले, परत येऊन भिंतीपाशी बसले आणि ताट पुढं ओढून घेतलं.

"माझ्याकडं काय बघतीस?" ते भाकरी मोडत खेकसले. "सरपंचाला हाक मारत्यात तिकडं. माझं नाव आनंदराव हाय."